आप्पांनी केबल काढली

केबल काढून टाकलेले एक आप्पा हल्ली धुळ्याच्या प्रत्येक गल्लीत सापडतात. कोणी त्यांना नाना म्हणत असेल, कोणी बापू, कोणी भाऊसाहेब, वृत्ती एकच. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी झेडपीतली, शाळेतली नाहीतर एस.टी.तली, घर देवपुरात किंवा साक्री रोडच्या एखाद्या कॉलनीत स्वतःचे, खाली भाडेकरू, वर गच्ची. गच्ची महत्त्वाची, फ्लॅटमधल्या माणसाला आप्पा होणे जड जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याला ते पानात बट्टी पडायच्या आत विचारतात, "तुमच्याकडे केबलवाला किती घेतो हो?" पाहुणा तीनशे म्हणो की साडेचारशे, आप्पा त्याच्याकडे सारख्याच कणवेने बघतात. मग बट्टी चुरून त्यावर वरण ओतेपर्यंत थांबतात आणि कोणी विचारलेले नसताना सांगतात, "आम्ही काढून टाकली." तिथून ताक येईपर्यंत पाहुण्याची सुटका नसते. केबल गेली, खर्च वाचला, कटकट मिटली, आता आपल्याला हवे ते आपण बघतो, असा आप्पांचा एकूण दावा. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आप्पांच्या घरातून केबल गेली हे खरे. केबलवाला मात्र गेलेला नाही. त्या जागेवर आप्पा स्वतः रुजू झाले आहेत, आणि तेही बिनपगारी.

आधी आप्पांच्या बाजूचे जे आहे ते कबूल केले पाहिजे, कारण ते पुष्कळ आहे. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत गावोगाव विजेच्या खांबांवरून, कडुनिंबांवरून, शेजाऱ्याच्या गच्चीवरून काळ्या वायरी घराघरांत उतरल्या. एका भागात एकच केबलवाला. तो म्हणेल तो भाव आणि तो दाखवेल ते चित्र. १९९५ साली कायदा झाला, २०११ च्या दुरुस्तीने डिजिटल डबा सक्तीचा झाला, आणि मुंबईपासून निघालेली ती सक्ती टप्प्याटप्प्याने आपल्याकडे येऊन पोहोचली. सगळे गाव ज्याला आजही सेटअप बॉक्स म्हणते तो डबा टीव्हीखाली येऊन बसला. पण आप्पांचा खरा संताप १ फेब्रुवारी २०१९ चा. त्या दिवशी ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. ग्राहकाने हव्या त्याच वाहिन्या घ्याव्यात आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत, असा तिचा हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात शंभर वाहिन्यांपर्यंतचे नुसते जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्या शंभरात दूरदर्शनच्या पंचवीसेक वाहिन्या सक्तीच्या. आणि घरात रोज लागणारी झी मराठी हवी तर तिचे वेगळे १९ रुपये. हॉटेलात शेवभाजी मागवावी, तर ताट-वाटी मांडल्याचेच दीडशे रुपये लागावेत आणि शेव, रस्सा, भाकरीचा हिशेब पुढे निराळा व्हावा, तसा हा प्रकार. वरच्या चाळीस पैशांचे काय करायचे हे वसुलीला येणाऱ्या पोरालाही ठाऊक नव्हते. ज्यांची उभी हयात दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिले तपासण्यात गेली त्यांना हे चाळीस पैसे सहन होणे शक्यच नव्हते.

म्हणून आप्पा अँटेनाकडे वळले. अँटेना म्हटले की जुन्या माणसांना ॲल्युमिनियमच्या काड्या आठवतात. १९८७ साली रविवारी सकाळी रामायणाच्या आधी एकाने गच्चीवर जाऊन त्या फिरवायच्या आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं, गेलं" म्हणून ओरडायचे. तो काळ संपला. दूरदर्शनने जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२१-२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले, आणि उरलेल्या काड्यांवर आता कावळे बसतात. आजचा अँटेना म्हणजे छत्री, डीडी फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू झाली. एकदा दीड-दोन हजार घातले की महिन्याचे भाडे शून्य. देशातली चार कोटींवर घरे हिच्यावर चालतात असा अंदाज आहे; तरी शहरातला माणूस खेड्यातली वस्तू म्हणून नाक मुरडतो, त्यामुळे आप्पांना ती अधिकच प्रिय. निसर्गही त्यांच्या बाजूला आहे. छत्रीचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे धुळ्याहून आग्नेयेला. मध्ये मुसळधार पाऊस आला की त्याच्या लहरी अडखळतात. कोकणात हा चार महिन्यांचा जाच. धुळ्यात मुळात पाऊसच बेताचा, तेव्हा अवर्षणाचा एवढा एक फायदा आप्पांनी पदरात पाडून घेतला आहे. शिवाय क्रिकेट. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीलाही द्यावे लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दूरदर्शनने ते आपल्या प्रक्षेपकांवर आणि फ्री डिशवरच दाखवायचे, केबलवाल्यांना पुढे द्यायचे नाही. म्हणजे असा सामना फुकटच्या छत्रीवर दूरदर्शनला दिसतो आणि पैसे भरणाऱ्या केबलवर त्याच दूरदर्शनला दिसत नाही. हा निकाल धुळ्यातल्या वकिलांना नसेल इतका आप्पांना पाठ आहे.

इथे थांबले असते तर आप्पांशी वाद नव्हता. पण फ्री डिश फुकट आहे ती आपल्याला. वाहिन्या लिलावात कोट्यवधी मोजून तिथे जागा घेतात, आणि केबलचे पैसे भरणारा ग्राहक इकडे सरकतो आहे असे दिसले की निघून जातात. २०१९ मध्ये चार मोठ्या कंपन्यांनी आपल्या मनोरंजनाच्या वाहिन्या तिथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. बुधवारी लागलेली मालिका गुरुवारी नाही, याचा जाब काकू कोणाला विचारणार? पूर्वी चित्र गेले की सगळे घर एकजुटीने केबलवाल्याच्या नावाने शंख करी, त्यात आप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा. आता शंख करायला घरातच माणूस आहे. उन्हाळ्यात तर त्याचे हाल विचारू नयेत. एप्रिल-मेत गच्चीभर उडदाचे पापड आणि बिबडे वाळत पडलेले असतात, आणि साड्या वाळत घालायची दोरी छत्रीच्या दांड्याला बांधलेली असते. ओल्या साडीच्या वजनाने छत्री बोटभर झुकली की वाहिन्या जातात. मग आप्पा डोक्याला पंचा गुंडाळून, हातात पाना घेऊन, चटके देणाऱ्या फरशीवर बिबड्यांच्या मधून एकेक पाऊल टाकत जातात, नट सैल करतात आणि छत्री केसभर सरकवतात. नातू खालून सिग्नलचा टक्का वाचतो. "बासष्ट!" आप्पा आणखी केसभर सरकवतात. "गया, आप्पा, गया!" डबा नवा असला, उपग्रह नवा असला, तरी १९८७ चा रविवार या घरातून हललेला नाही.

छत्रीने अर्धेच घर शांत झाले. सुनेला ओटीटी हवे, नातवाला यूट्यूब, म्हणून फायबर घेणे आले. हे फायबर आले कोठून, याकडे आप्पा सहसा बोट दाखवत नाहीत. लहान शहरांत बीएसएनएलचे फायबरसुद्धा पुष्कळदा स्थानिक भागीदाराच्या हातून घरापर्यंत येते, आणि हा भागीदार बहुधा पूर्वीचा केबलवालाच असतो. खांब तोच, शिडी तीच, वायर ओढायला येणारा पोरगाही तोच. पूर्वी तो केबलचे पैसे मागे, आता नेटचे रिचार्ज मागतो, आणि अठरा टक्के जीएसटी इथेही आहेच. बाकीचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाले आणि फुकट डेटाची गोडी लागली. २०२३ ची आयपीएल मोबाईलवर फुकट दिसली तेव्हा आप्पांच्या शब्दाला गल्लीत जो भाव आला तो पुन्हा आला नाही, कारण २०२५ पासून तिथेही पैसे सुरू झाले. ॲमेझॉन प्राइम २०१६ मध्ये वर्षाला ४९९ रुपये होते, पुढच्या वर्षी ९९९, २०२१ च्या अखेरीस १४९९; आणि २०२५ मध्ये त्यात जाहिराती आल्या, नको असतील तर आणखी पैसे भरा. जाहिरातींना कंटाळून तर केबल काढली होती! नेटफ्लिक्स पुण्यातल्या मुलाच्या पासवर्डवर चालू होते. हिंजवडीत नोकरीला लागलेल्या एका पोराच्या पासवर्डवर धुळ्यात मामाचे, काकाचे आणि सासऱ्याचे अशी तीन घरे सिनेमा बघत होती. जुलै २०२३ मध्ये कंपनीने ती सोय काढून घेतली. केबलवाल्याने असे केले असते तर आप्पांनी त्याला दारात उभे करून झापले असते. इथे दारात कोणाला उभे करायचे?

त्यामुळे झापून घेण्याचे खातेही आप्पांकडेच आले. टीव्हीपुढे तीन रिमोट असतात, तिन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलेले. एकावर पांढऱ्या पट्टीवर 'छत्री', दुसऱ्यावर 'नेट', तिसऱ्यावर 'मेन, हात लावू नये'. आप्पांच्या आईला पूर्वी लाल बटण तेवढे माहीत होते आणि तेवढ्यावर तिचे छान चालले होते. आता आधी मेन, मग सोर्स, मग एचडीएमआय एक की दोन, हे तिला या वयात कोण शिकवणार? ती एकच गोष्ट शिकली, हाक मारायची: "भाऊ, हाई गोल गोल का बरं फिरी ऱ्हायनं?" भाऊ म्हणजे आप्पा, गोल फिरणारे ते बफरिंग. पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर 'दूधवाला' या मथळ्याखाली लिहिलेले. चोराला कळू नये म्हणून, पण कळत घरच्यांनाही नाही. कोणते रिचार्ज कोणत्या तारखेला संपते याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. तक्रार नोंदवून घेणे, उद्या बघतो म्हणणे, वायर हलवून बघणे, डबा बंद करून चालू करणे ही सगळी केबलवाल्याची कामे. चित्र का आले नाही याला त्याचे एक ठेवणीतले उत्तर असे, "वरूनच गेलंय." त्यापुढे गिऱ्हाईकाला बोलता येत नसे. ते उत्तरही आप्पांनी उचलले आहे.

आप्पा यावर म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, की निवड मिळाली ती तुम्ही हिशेबात धरत नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी-अहिराणी बोलणारे अठरा लाखांवर आहेत. केबलच्या तीन-चारशे वाहिन्यांच्या गर्दीत आपल्या घरातली बोली शोधूनही सापडत नसे. 'बबल्या इकस केसावर फुगे' हे अहिराणी गाणे पार कोल्हापूरकडच्या वरातींत वाजले ते यूट्यूबमुळे. कोणत्या वाहिनीने त्याला हात दिला नव्हता. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावात २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढणाऱ्या हौशी मंडळींची मजल गावातल्या व्हिडिओ पार्लरपर्यंत होती; आज त्याच पट्ट्यातल्या पोरांचे विनोद कोट्यवधी लोक बघतात. हा नफा निखळ आहे, तो आप्पांच्या खात्यावर जमा करायला माझी ना नाही. फक्त तो उपभोगतो नातू. आप्पा स्वतः रात्री जेवण झाल्यावर यूट्यूबवर काय बघतात, तर फ्री डिशवर कोणती वाहिनी नवी आली, कोणती गेली, कोणती फ्रिक्वेन्सी टाकली की काय दिसते, एमपीईजी-२ चा डबा ठेवावा की एमपीईजी-४ चा घ्यावा. सगळे जग निवडीला मोकळे असताना या माणसाने केबलचा धंदा निवडला.

राहिला खर्च. पाचशेचा नेटचा पॅक जीएसटी धरून ५९० होतो, म्हणजे गेलेल्या केबलपेक्षा जास्त. आप्पा तो धरत नाहीत, कारण नेट तर असेही लागतेच. प्राइम सुनेच्या नावावर आहे म्हणून तेही धरायचे नाही. दुसरा डबा घेतला ती गुंतवणूक. असे धरायचे नाही ते सगळे वजा केले की बचत उरते, आणि ती बरीच उरते. एक गोष्ट मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. केबलबरोबर लोकल चॅनेल गेले. कोणत्या भागात पाणी कधी सुटणार, कोणाचा दशक्रिया विधी किती वाजता, एकविरा देवीच्या यात्रेला पांझरेकाठी गर्दी किती, पाचकंदिलावर मिरवणूक कुठवर आली, हे सगळे त्या पडद्यावर खालच्या पट्टीत सरकत जाई. हे आता व्हॉट्सॲपवर मिळते, असे आप्पा म्हणतात. मिळते, पण पाण्याचा मेसेज पाणी जाऊन दोन दिवस झाल्यावरही फिरत राहतो. महापालिकेचे निकाल लागतात त्या दिवशी आप्पा सकाळी दहालाच पेपर मागायला म्हणून शेजारी जातात. शेजाऱ्याकडे केबल आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत पेपर त्यांच्या मांडीवर न उघडता पडलेला असतो.

अलीकडे या जातीत एक पुढची अवस्था दिसू लागली आहे. नेट वापरून उरते, म्हणून आप्पा खालच्या भाडेकरूला वायफाय देतात, महिना दोनशे. समोरच्यांची छत्री बसवून देतात, आग्नेय दिशा दाखवतात, वाहिन्या लावून देतात. त्याचे पैसे घेत नाहीत, चहा घेतात. गल्लीत कोणाचे चित्र गेले की पहिला फोन त्यांना येतो आणि ते पाना खिशात टाकून निघतात. भाडेकरू तेवढा सरळ नसतो. एक तारखेला तो पगार व्हायचाय म्हणतो, दहाला सुटे नाहीत म्हणतो, वीस तारखेला जिन्यात भेटतच नाही. दोन महिने असे गेले की एका रात्री, सामना शेवटच्या षटकांत आलेला असताना, आप्पा पासवर्ड बदलतात. सकाळी भाडेकरू जिना चढून विचारायला येतो. आप्पा पेपरातून डोके वर न काढता सांगतात, "वरूनच गेलंय."