पदवीची उगवण क्षमता

जूनमध्ये जालन्यात दोनच खरेद्यांना गर्दी असते: बियाणं आणि ॲडमिशन. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली इथे महिको ही बियाणे कंपनी काढली, तेव्हापासून या गावाला बियाण्याची पारख शिकवावी लागत नाही. सोयाबीनच्या पिशवीवर किमान 70 टक्के उगवण क्षमता छापलेली असते. तरी बदनापूरचा शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि कोंब मोजूनच तिफण धरतो. हाच गडी मोसंबीची बाग गहाण टाकून लेकराला इंजिनिअरिंगला घालतो, तेव्हा एवढंच विचारतो, "सर, फीचे हप्ते पाडून मिळतील का?"

कॉलेजच्या माहितीपत्रकावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' असतं. शंभर टक्के उगवण सांगणाऱ्या दुकानदाराला आपण विचारलं असतं, बाबा, बियाणं विकतोस की ताईत?

म्हणून मागणी साधी आहे. 1966 चा बियाणे कायदा कॉलेजांना लावा. लेबलवर छापा. वाण: कॉम्प्युटर. शुद्धता: रोज शिकवणारे प्राध्यापक किती आणि तपासणीपुरते आणलेले किती. काडीकचरा: संचालक मंडळ. उगवण: गेल्या साली किती पोरं कामाला लागली, तेही मामाच्या दुकानातली सोडून.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही म्हणा. 1983 मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांची दारं उघडली आणि 1987 मध्ये देणगीबंदीचा कायदा आला. देणगी तेव्हापासून बंदच आहे. 'विकास' तेवढा रोख लागतो.

जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली. चांगलं झालं. ज्या घरात 'पोरीला कशाला एवढं' म्हणत होते, तिथे आता पोरगी इंजिनिअर होतेय आणि पोरगा बापाला महाग पडतोय. संभाजीनगरची खोली आणि मेस मात्र दोघांनाही माफ नाही.

आणि नाहीच उगवलं तर? पीक बुडाल्यावर पंचनाम्याला तलाठी येतो, इथेही त्यालाच बोलवू. 2023 च्या तलाठी भरतीत 4644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, त्यांत इंजिनिअर होते, एमबीए होते. अर्जाची फी हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. सरकारचं पीक तेवढं बक्कळ आलं. तेव्हा बांधावर येणारा तलाठी बहुधा बी.ई.च असेल. त्याने आधी स्वतःच्या पदवीचा पंचनामा उरकावा, मग आमच्या लेकराच्या पदवीला हात घालावा.