नानांची हिवाळी छावणी

भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत थंडी सर्वांत आधी नानांना कळते. हा समज नानांनीच पसरवलेला आहे. आश्विनात, अजून बनियन घामाने अंगाला चिकटतंय अशा दिवसांत, ते गच्चीवर उभे राहून नाक वर करतात आणि खाली स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "पछुआ सुटली!" हा पश्चिमेचा बोचरा वारा खरोखर सुटायला अजून महिनाभर तरी असतो. पण नानांच्या घरात हिवाळा त्या क्षणी सुरू होतो, आणि तिथून वसंत पंचमीपर्यंत त्या घरात माणसांचा नंबर दुसरा. पहिला कुंड्यांचा.

नाना हे नाव सोयीपुरतं. दुर्गाघाट, ब्रह्माघाटापासून इकडे भोसले घाटापर्यंत जी काही मराठी घरं अजून उरली आहेत, त्यांत असा एखादा इसम हमखास सापडतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे तात्या. पूर्वज कुणा सरदाराबरोबर किंवा शास्त्रार्थासाठी काशीला आले आणि राहिले. बोलणं अर्धं बनारसी झालं, पान तर पूर्णच. राहता राहिली गच्ची. तिथे मात्र अबोली हवी, अळू हवं, कढीपत्ता हवा, नागवेल हवी. ही सगळी मंडळी उबेतली. बनारसचा पौष त्यांना मानवत नाही. पारा एरवी आठ-दहा अंशांवर रेंगाळतो, पण एखाद्या लाटेत चार-पाचावर येतो, आणि त्यात नदीची ओल मिसळली की इथले लोक जिला 'गलन' म्हणतात ती हाडात शिरणारी थंडी तयार होते. अबोली तिच्यापुढे मान टाकते.

नानांच्या मते हा प्रश्न बागकामाचा नाहीच. तो पानिपतचा आहे.

"पौष शुद्ध अष्टमी," ते खुरपं हातात धरून सांगतात. "चौदा जानेवारी सतराशे एकसष्ट. दाणागोटा संपला, दाणागोटा संपला म्हणून सगळे रडतात. पण दख्खनचा माणूस उत्तरेच्या पौषात उघड्यावर ठेवला होता, हे कोण बोलतं? अंगावर काय होतं त्यांच्या?" मग खुरप्याचं टोक खाली घाटाकडे वळतं. "नागपूरकर भोसले त्या लढाईत नव्हते. म्हणून हा घाट उभा आहे, आणि वर लक्ष्मीनारायण." हा तर्क परीक्षेत लिहिला तर गुण मिळणार नाहीत. पानिपत आणि घाट यांच्या मध्ये बरीच वर्षं गेली आहेत; घाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण नानांच्या गच्चीवर परीक्षक नाना असतात.

मोहिमेची सुरुवात मातीपासून. गंगेचा पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा थर उरतो. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं, धोक्याच्या खुणेच्या अडीच मीटरहून जास्त वर, आणि त्या वर्षीच्या गाळाबद्दल नाना असं बोलतात की एखाद्या गवयाने आपल्या गुरूंच्या मैफलीबद्दल बोलावं. पंप लावून कामगार हा गाळ पाण्याच्या फवाऱ्याने परत नदीत ढकलत असतात, तेव्हा नाना घमेलं घेऊन फवाऱ्याच्या पुढे. माती उत्तम, यात वाद नाही. पण एकटी कुंडीत घातली तर दोन पाण्यांत बसून घट्ट होते आणि मुळांचा श्वास कोंडते. हे नानांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून देवळातल्या झेंडूच्या माळा कुजवून केलेलं खत आणि पालापाचोळा ते तिच्यात सढळ हाताने मिसळतात. निर्माल्य मागायला गेलं की पुजारी नाही म्हणत नाहीत. आशीर्वादही वर मिळतो.

नानांच्या पत्नीचा, काकूंचा, आक्षेप धर्माचा नसून वजनाचा आहे. भिजलेल्या मातीची मोठी कुंडी वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते, आणि घर जुनं. "अहो, चार पावलांवर शिंदे घाट आहे," त्या म्हणतात. "बायजाबाईंनी एवढा भक्कम बांधला, तो आपल्याच वजनानं खचला. शिंद्यांकडे ग्वाल्हेरचा खजिना होता, पुढे पुन्हा बांधून घेतला. आपल्याकडे काय आहे?" यावर नानांकडे उत्तर नाही. ते उत्तर नसलं की सफाई काढतात.

सफाई म्हणजे पिकली पानं काढणं, वाळक्या काड्या छाटणं, कुंडीच्या बुडाखाली हिवाळाभर दडी मारून बसू पाहणाऱ्या गोगलगायी आणि किडे शोधणं. इथवर सरळ काम. अडतं ते तुळशीपाशी. मंजिऱ्या वेळीच खुडल्या नाहीत तर झाड सगळा जीव बी धरण्यात घालवतं आणि थंडीच्या तोंडावर म्हातारं होतं. पण तुळस रविवारी खुडायची नाही, द्वादशीला नाही, पौर्णिमेला नाही, अवसेला नाही, सूर्यास्तानंतर तर नाहीच. कार्तिकात तिचं लग्न. ते उरकेपर्यंत नवरीच्या डोक्याला हात कसा लावायचा? नाना एका हातात पंचांग, दुसऱ्या हातात कात्री घेऊन मुहूर्त काढतात. लग्न लागलं, देवदिवाळीची गर्दी आणि पणत्यांचं तेल पायऱ्यांवरून निघालं, की एका निषेधमुक्त सकाळी मंजिऱ्या उतरतात आणि नवऱ्या मुलीच्या अंगावर काकूंची जुनी शाल चढते. काकू ती शाल शोधत असतात.

यानंतर स्थलांतर. इथे भूगोल नानांच्या विरुद्ध आहे. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, घाट सगळे पश्चिम काठावर, म्हणून तोंडं पूर्वेला. सकाळचं ऊन हेच खरं ऊन. दुपार कलली की मागच्या उंच घरांची सावली गच्चीवर येते. आणि पौषात सकाळी धुकं! दहा-अकरापर्यंत समोरचा काठच काय, खालची नावही दिसत नाही. त्यामुळे उन्हाची जी दोन-अडीच तासांची फट उरते, तिच्यात प्रत्येक कुंडीला आळीपाळीने बसवायचं वेळापत्रक नाना भिंतीवर लावतात. कठडा चुनारच्या दगडाचा. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब सोडतो, म्हणून कठड्यालगतच्या जागा मानाच्या. त्या जागांवरून मी नानांना कुंड्यांशी वाद घालताना ऐकलं आहे. "तू काल बसली होतीस," असं ते जास्वंदीला सांगत होते.

गच्चीला वरून-बाजूने लोखंडी जाळी. ती थंडीसाठी नव्हे, माकडांसाठी. नाना आत घामाघूम होऊन कुंड्या हलवतात आणि वानरसेना जाळीला लटकून एकटक बघते. खालून जाणारा नाववालाही मान वर करतो. "का गुरू, पेड़न के भी जाड़ा लगत हौ?"

"लगत हौ!" नाना गरजतात.

उघड्यावर ज्यांचं भागणार नाही अशी झाडं घरात येतात. नागवेलीला वारा सोसत नाही, दमटपणा हवा, ती न्हाणीघरात. आंघोळ करणाऱ्याने पाणी तिच्या अंगावर उडवायचं नाही, वाफ मात्र भरपूर करायची. अळूची पानं तशीही झडतात, कंद मातीत झोपतो. त्याची कुंडी जिन्याखाली, वर पेंढा, पाणी जवळजवळ बंद. आणि अबोलीला पाहुण्यांची खोली.

गेल्या पौषात पुण्याचे एक दूरचे मेहुणे अस्थी घेऊन आले. नानांनी विधीची सारी व्यवस्था चोख केली, जेवणात कसर ठेवली नाही, आणि रात्री त्यांची गादी बोळकांडीत घातली.

"ती खोली?" मेहुण्यांनी विचारलं.

"ती भरलीय."

"कोण आलंय?"

"अबोली."

मेहुण्यांना वाटलं, कुणी भाची असेल. मध्यरात्री दाराच्या फटीतून उजेड डोळ्यांवर येतोय म्हणून ते उठले आणि बटण दाबून आले. पाच मिनिटांत नाना हजर. "दादा, तो बल्ब तुमच्यासाठी नाहीये." तो शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. नव्या एलईडीत उजेड आहे पण ऊब नाही, म्हणून नानांनी जुन्या बल्बांचा साठा ट्रंकेत करून ठेवला आहे. मेहुणे उरलेली रात्र अंगावर कोट घालून बसले. सकाळी त्यांनी नानांना विचारलं, की कुंडी बोळकांडीत आणि माणूस खोलीत अशी अदलाबदल जमली असती का. नानांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. आणि म्हणाले, "तुम्ही स्वेटर घालू शकता."

विज्ञान नानांना बऱ्यापैकी येतं, हे कबूल करायला हवं. आभाळ स्वच्छ असलं की जमिनीची ऊब रात्री सरळ वर निघून जाते. धुकं किंवा ढग असले तर ती अडते. म्हणून लोक चांदणं बघायला नावेतून फिरतात त्या रात्री नाना हवालदिल असतात, आणि दाट धुक्याने गाड्या बारा तास उशिरा धावू लागल्या की त्यांना गाढ झोप लागते. निफाडचे त्यांचे साडू द्राक्षवाले. तिथे पारा घसरला की बागांत शेकोट्या पेटतात, पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडतात. साडूंनी हे फोनवर सांगितलं आणि त्याच रात्री नानांनी गच्चीवर घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. दुसऱ्या कुठल्या शहरात शेजाऱ्यांनी आग विझवायला बादल्या आणल्या असत्या. इथे कुणी खिडकीसुद्धा उघडली नाही. मणिकर्णिका इतक्या जवळ असताना काशीत धूर कसला, असं विचारायची पद्धत नाही.

न्यू जर्सीचा पुतण्या व्हिडिओवर तुळस दाखवतो. तीही घरात, निळ्या-जांभळ्या दिव्याखाली. "हीटरची हवा कोरडी असते रे," नाना इकडून ओरडतात, "ताटात खडे घाल, पाणी घाल, वर कुंडी ठेव!" सल्ला बरोबर आहे. त्याच पुतण्याने त्यांना व्हर्सायची गोष्ट सांगितली: चौदाव्या लुईने १६८४ ते १६८६ मध्ये संत्र्यांच्या झाडांसाठी एक दालन बांधलं आणि आजही हजाराहून जास्त झाडं पेट्यांसकट ऑक्टोबरात आत जातात, मे महिन्यात बाहेर येतात. तेव्हापासून नानांना हसणाऱ्याची धडगत नाही. "राजानं केलं की वैभव, मी केलं की वेड?" काकू माहेरच्या नागपूरच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या भोसल्यांनी संत्री औरंगाबादेहून आणली म्हणतात. उघड्यावर लावली. अजून उभी आहेत."

काकूंचीही एक कुंडी आहे. म्हणजे डालड्याचा गंजका डबा. त्यात शेवंती. ती गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात, पछुआ सर्वांत आधी जिथे लागते तिथे उभी असते. तिला शाल नाही, वेळापत्रकात जागा नाही. तांदूळ धुतलेलं पाणी मिळालं तर मिळालं. आणि कार्तिक संपता संपता ती अशी फुलते की खालून जाणारे परदेशी फोटो काढतात. नाना तिच्याकडे बघत नाहीत. गुलाब, शेवंती, डेलिया या थंडीत खुलणाऱ्या जातीबद्दल त्यांचं एकच वाक्य: "ती काय, येतातच." ज्याचं आपल्यावाचून अडत नाही, त्यात त्यांना रस वाटत नाही. स्वतःलाही त्यांनी त्याच सदरात टाकलं आहे. माघातल्या पहाटे हा माणूस पंचा नेसून गंगेत बुडी मारतो, तसाच ओलेता पायऱ्या चढून येतो, आणि दारात पहिला प्रश्न विचारतो, "न्हाणीघराची खिडकी कुणी उघडी ठेवली?"

त्यांचा परमोच्च क्षण कढीपत्त्याचा. पौषात त्याची पानं गळून नुसती काठी उरते. कामवालीने एकदा ती काठी मेली समजून उपटायला हात घातला. नाना धावले, अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडली, खाली हिरवं दिसलं. "जिंदा है!" तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हिरवं दाखवण्यात येतं, चहाच्या आधी. साल बिचारी खालपासून वरपर्यंत खरवडलेली आहे. ते झाड थंडीने नव्हे, पुराव्यांनी जाईल.

आता हिशेब. अबोली आणि नागवेल नानांशिवाय खरंच वाचणार नाहीत. तेवढं श्रेय त्यांचं. मोगरा, कढीपत्ता, जास्वंद आडोसा मिळाला आणि पाणी बेतानं दिलं तर आपले आपण तरतात. हिवाळ्यात कुंडीतली झाडं गारठ्यापेक्षा माणसाने मायेने ओतलेल्या पाण्याने, मुळं कुजून, जास्त मरतात. हे नानांना माहीत आहे, म्हणून झारी ते कुणाच्या हाती देत नाहीत. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी उन्हाच्या वेळेला. खत वसंत पंचमीपर्यंत बंद. एवढं केलं तरी बहुतेक गच्च्यांचं भागतं. बाकीची छावणी, शाल, बल्ब, गोवऱ्या हा नानांचा सण आहे.

तुम्ही पौषात काशीयात्रेला निघाला असाल आणि कुणी सांगितलं, की भोसले घाटावर आपल्या ओळखीचे नाना आहेत, जागेची चिंता नको, तर जरूर उतरा. माणूस लाखातला आहे, काकूंच्या हातची आमटी विसरणार नाही. रजई मात्र आपली घेऊन जा.