सेवा दर्शनी, नाका अडगळीत

तालुक्याच्या गावी वाचनालयात विविधता असावी, यावर भूममध्येही कुणाचे दुमत नसेल. फक्त तिने पायरी ओळखून राहावे, एवढीच अपेक्षा. समाजसेवक प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन सत्काराला शाल-श्रीफळासोबत शोभते. भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ कुणी सत्कारात दिल्याचे ऐकिवात नाही. १९६५ साली तो आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला अश्लील म्हणून झोडपले होते, आणि आपल्याकडे असा शिक्का सहसा पुसत नाहीत. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. आदर भरपूर, मागणी बेताची.

कुणी म्हणेल, वाचनालयात पोरेबाळे येतात, संस्कार नकोत का? हवेतच. पण भूम-परंड्यातून ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांच्या पोरांना नाक्यावरची, झोपडपट्टीची भाषा अशा पुस्तकांतूनच कळेल, असे मानणे फारच भाबडे. उपकारकर्त्याचे आत्मकथन डोळे पुसत वाचायचे आणि ज्याच्यावर उपकार झाले त्याची शिवी मात्र ऐकायची नाही, हे सोवळे झाले, संस्कार नव्हेत. राहिली पैशांची अडचण. ती खरी आहे. पण जाड चरित्राच्या किमतीत बागुलांचा कथासंग्रह सहज बसतो. तेव्हा खरेदी समितीच्या सदस्यांनो, पुढच्या यादीत ही तिन्ही नावे शेजारीशेजारी लिहा.