तीन पाऊणे सव्वादोन

दापोलीहून आलेल्या एसटीतून हर्णैला उतरलो, तेव्हा माझ्या एका खांद्यावर घडीचा ईझल होता, काखेत बोर्ड होता आणि पाठीवर एवढे रंग होते, की समोरचा सुवर्णदुर्ग मी खरोखरच रंगवून दिला असता. ईझलच्या तीन पायांकडे बघत एक गृहस्थ जवळ आले. "मोजणीला आलात? रस्ता नक्की कुणाच्या वाडीतून जातोय?" चित्र काढायला आलोय, म्हटलं. "मोजणीवाले असंच सांगतात," म्हणाले आणि निघून गेले.

ही यात्रा आमच्या सरांमुळे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या रविवारच्या क्लासला जाऊ लागलो. तिथे मी फोटोवरून एक समुद्र काढला होता. सरांनी तो लांब धरून पाहिला. "छान आहे. खाली तारखा तेवढ्या टाका," म्हणाले. मग स्पॉटवर जाणं आलंच.

सकाळी नऊला बंदराच्या पुळणीवर जागा धरली. समोर चार-पाच होड्या वाळूत रुतून एका कुशीवर कलंडलेल्या, जेवण जड झालेल्या पाहुण्यांसारख्या. त्यांच्यामागे किल्ला. १७५५ साली कमोडोर जेम्सने हा किल्ला काही दिवसांत घेतला. मला त्याची एक बाजू कागदावर घ्यायला चार कागद आणि दीड खोडरबर लागलं.

सरांची पद्धत ठरलेली. आधी पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत तीन छोटी रेखाटनं. त्यांत फक्त काळं, करडं, पांढरं. तपशील काढायचा नाही. मला तपशील सोडवेना. पहिल्याच होडीचा दोर मी गाठीसकट काढला. सर म्हणाले, "दोर झाला. आता त्याला होडी बांधा."

मग मोठा कागद, इंपिरियल शीटचा पाव, म्हणजे पंधरा बाय अकरा इंच. मी डावीकडून सुरुवात केली. दोन कलंडलेल्या होड्या झाल्या, त्यांच्या सावल्या झाल्या. मधोमध मासळी आणायला निघालेली एक बैलगाडी घेतली. मान वर केली, तर उजवीकडच्या होड्या सरळ उठून बसलेल्या. मला वाटलं, माझाच बोर्ड तिरका झाला. तो सरळ करेपर्यंत बूट ओले.

शेजारी एक वयस्क नाखवा जाळं शिवत बसला होता. बराच वेळ तो मला बघत असणार.

"मास्तर, तिथी बघून बसलात का?"

"तिथी कशाला?"

"आज तीज. तिथीला पाऊणनं गुणायचं. तीन पाऊणे?"

"सव्वादोन," मी शाळेत उभा राहिल्यासारखा म्हणालो.

"सव्वादोनला भरती पुरी. उद्या चौथ. चार पाऊणे तीन."

पाऊणकी मी लहानपणी छड्या खाऊन पाठ केली होती. ती कशासाठी असते, हे कळायला मला हर्णैला यावं लागलं.

सरांनी तेवढ्यात धीर दिला. क्लोद मोने १८८५ साली एत्रताच्या किनाऱ्यावर असाच भरतीची वेळ चुकला, लाटेनं त्याला भिजवलं आणि ईझल, रंग सगळं नेलं, म्हणाले. मला बरं वाटलं. मोनेशी माझं एवढं एक साम्य तरी निघालं.

जेवून तीनला परत आलो. आता रंग. मी खास अल्ट्रामरीन निळा नेला होता, मोठी ट्यूब. पाण्याकडे नीट पाहिलं, तर त्यात निळं काही नव्हतंच. काठाशी चहाचं गाळलेलं पाणी, पुढे हिरवट, किल्ल्यापाशी शिशासारखं करडं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की तो करडा होतो, हे सरांनी करून दाखवलं. मी तो इतका मनापासून घातला, की समुद्राचा चिखल झाला. त्यात बाटलीतलं पाणी संपलं. समोर एवढा अरबी समुद्र असताना पाणी मागायला कुठं जायचं? मी त्यातच ब्रश बुडवला. त्या मिठामुळे तो कागद अजूनही पावसाळा लागला की हाताला ओलसर लागतो.

घरी आल्यावर कॅनव्हास, छत्तीस बाय चोवीस. कागदावर इंचाइंचाच्या चौकटी आखायच्या, तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी कॅनव्हासवर पाडायच्या आणि चौकटीमागून चौकट उतरवत जायचं. हे काम मला जमतं. लेजर भरण्यात हयात गेली. उंचीला अकरा चौकटी चोख बसल्या, रुंदीला पंधरा बसून वर तीन इंच उरले. बँकेत हिशोबात असं काही उरलं असतं, तर घरी जाता आलं नसतं. इथे त्या तीन इंचांत मी स्वतःच्या जबाबदारीवर एक होडी घातली.

रंगांची तऱ्हा वेगळीच. जलरंग वाळला की फिका पडतो, ॲक्रिलिक वाळला की गडद होतो. किनाऱ्यावर दुपार गेली होती रंग वाळायची वाट बघण्यात. इथे ब्रश धुवून येईपर्यंत पॅलेटवर प्लास्टिक तयार. आकाश मी सहा वेळा दिलं. दर वेळी बायको येऊन "आता झालं ना?" म्हणायची आणि मी सातव्यांदा बसायचो. शेवटी सरांनी ब्रश काढून घेतला.

पुढच्या खेपेला हर्णैला गेलो, तेव्हा फोनमधला फोटो नाखव्याला दाखवला. त्यानं चष्मा लावला. आकाशाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"ही कडंची होडी कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"नांगर नाय तिला. जाईल." मग बोट डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत नेलं. "हितं ओहोटी हाय. सावली पण सकाळची. हितं भरती, सावली दुपारची." बोट मधोमध येऊन थांबलं. "आन हा बैल मधी उभा केलाय, मास्तर, त्यानं जायचं कुठं?"