पिकअप पिकअप घेईना

डेट्रॉईटजवळून,
डिसेंबर

ती. अण्णांस,


फोनवर ही हकिगत कधीच पुरी होत नाही. मी इंजिनापर्यंत पोचते न पोचते तोवर आई तुमच्या हातातून फोन काढून घेते आणि "जेवलीस का" सुरू होतं. म्हणून कागदावर. आईला वाचून दाखवाल तेव्हा खर्चाचा भाग गाळा.

तुमच्या जावयांनी घेतलेली पिकअप तुम्ही व्हिडिओवर पाहिलीच आहे. आपल्याकडची पिकअप म्हणजे दूध, द्राक्षं, वऱ्हाड, समोर येईल ते घेऊन पळणारी. आमची इथली पिकअप म्हणजे आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि मागं रिकामा हौदा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, म्हातारपणी कुणाची अब्रू काढू नये. तिचे २,३०,००० मैल झालेत, म्हणजे ३,७०,००० किलोमीटर. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, तेव्हा पोचायला फार राहिलेलं नाही. गणपतीत महाराष्ट्र मंडळाचं मखर आणि सतरंज्या तिच्यातूनच जातात. तेवढ्या पुण्याईवर ती विकायचा विषय घरात काढता येत नाही.

थंडी पडली आणि ती सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागली. आरपीएमचा काटा आपोआप वर-खाली. ॲक्सिलरेटर दाबला तर आधी विचार करणार, मग निघणार. थोडक्यात, पिकअप पिकअप घेईना. वर डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलेलं. ते नुसतं पेटून राहिलं तर आपण घरापर्यंत येऊ शकतो. लुकलुकायला लागलं तर मात्र गाडी बाजूला घ्यायची, कारण न जळलेलं पेट्रोल पुढं सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्या डब्याची किंमत ऐकून माणूस जळतो. आमचं लुकलुकत नव्हतं, एवढंच नशीब.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात यंत्र खुपसलं की गाडी आपलं दुखणं आकड्यात सांगते. आमच्या गाडीनं पी ०१७१ आणि पी ०१७४ असे दोन आकडे सांगितले. अर्थ असा की दोन्ही ओळींतल्या सिलिंडरांत हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तुमचे जावई सॉफ्टवेअरमधले. तक्रार ज्यानं नोंदवली तोच आरोपी, असा ह्यांचा हिशोब. ऑक्सिजन सेन्सरनं तक्रार केली? बदला ऑक्सिजन सेन्सर.

आता इथली गंमत ऐका. डेट्रॉईट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इकडच्या रस्त्यांवर मीठ ओततात आणि ते गाड्यांच्या खालच्या अंगाला बसतं. त्यामुळे वीस वर्षं जागेवर बसलेला सेन्सर आणि त्याचे आटे ह्यांचा संसार एक झालेला असतो. हे गॅरेजमध्ये गाडीखाली उताणे पडून त्याला पान्हा लावत होते. त्या सेन्सरला त्यांनी ज्या शब्दांत हाका मारल्या, ते शब्द ह्यांच्या डोंबिवलीत शिकवत असतील असं मला वाटलं नव्हतं.

सेन्सर बदलले, दिवा तसाच. मग हवा मोजणारा सेन्सर. मग प्लग, कॉइल. पार्सलवाला दारात आला की कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. मी एवढंच म्हटलं, "अहो, दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच दिवशी एकच खोटं कसं बोलतील? दुखणं दोघांच्या मधे, समाईक जागी असणार." कुणी ऐकलं नाही. पण मी मनाला लावून घेतलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर कारखाना काढला, त्याच्याही आधी लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं म्हणून लोकांनी दोन वर्षं त्यांचा नांगर घेतला नव्हता. मला तर जेमतेम महिना झाला होता.

त्यानंतरच्या रविवारी तुम्हाला इंजिनाचा आवाज ऐकवला आणि तुम्ही म्हणालात, "हवा खातंय बघ कुठंतरी." हे हसले. म्हणाले, "अण्णांचं विहिरीवरचं डिझेल इंजिन. त्याची टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, ती बोल्ट सैल करून काढायची. हे पेट्रोल आहे, कॉम्प्युटरवर चालतं." बोलले ते अगदीच चूक नव्हतं. बोल्टपाशी बुडबुडे संपून निव्वळ डिझेल यायला लागेपर्यंत तुम्ही मला हँडलला हात लावू देत नव्हता, ते मला आठवतंय. इथं तसला बोल्ट नाही. पण हवा दुसऱ्या दारानंही शिरते.

रात्री मी स्वतः यंत्र लावून बसले. त्यात एक आकडा असतो, कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवून सोडतोय त्याचा. गाडी नुसती उभी असताना तो पंचविसाच्या आसपास. इंजिन २,५०० आरपीएमवर धरलं की पाचापर्यंत खाली. मी तिथंच ओळखलं. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ मिटलेला, इंजिन जोरात ओढतंय आणि आत येणारी हवा मुळात थोडी. अशा वेळी फटीतून शिरलेली, न मोजलेली हवा मोठा घोटाळा करते. थ्रॉटल उघडला की मोजलेली हवाच इतकी येते की चोरट्या हवेला कुणी विचारत नाही. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर थकला असता तर उलटं झालं असतं, गाडी पळवताना आकडा चढला असता. म्हणजे पंपाचे पैसे वाचले. (कार्टमध्ये टाकून ठेवला होता. मी काढला.)

मग वेणी आत खोचली, पट्ट्यापासून हात लांब, आणि बागेच्या पाइपचा एक तुकडा कानाला लावून चालू इंजिनाभोवती फिरवला. इंजिनाच्या मागच्या बाजूला, अगदी भिंतीजवळ, फुसफुस ऐकू आली. तिथं क्रँककेसमधली वाफ परत आत नेणारी नळी आहे, तिचा रबरी कोपरा. वरून शहाण्यासारखा दिसत होता. खालून बोट फिरवलं तर तेलानं चहातल्या टोस्टासारखा मऊ झालेला आणि नखभर फाटलेला. फटीवर बोट दाबलं, काटा जागेवर. बोट काढलं, पुन्हा थरथर. ह्यांना बोलावून तीनदा करून दाखवलं. ह्यांनी चौथ्यांदा स्वतः करून पाहिलं.

तो कोपरा साडेअकरा डॉलरला मिळाला. आधीच्या पार्सलांची बेरीज मी लिहीत नाही, आई वाचेल.

विजयाच्या भरात मी जेवताना ह्यांना ७ जून १९४३ ची गोष्ट सांगितली. जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेच्या मंडळींनी शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून इंग्रज सरकारची पगाराची गाडी कशी अडवली, ते सगळं. म्हटलं, आमच्या कुंडलच्या माणसांचा नाद करायचा नाही. हे भाकरी मोडत म्हणाले, "तुमच्या गावाला गाड्या थांबवायचा अनुभव दिसतो. चालवायचं काय?" त्या दिवशी भांडी त्यांनीच घासली.

आता एकच शंका राहिली. गाडी हजार मैलांना लिटरभर ऑइल पिते. सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळ्या धुराचा एक फुगा सोडते, मग दिवसभर काही नाही. हायवेला चढावर दाबली तरी मागं धूर दिसत नाही. माझ्या मते रिंगा शाबूत आहेत, वॉल्व्हचे सील कडक झालेत, रात्रभर थेंब थेंब आत झिरपतं. कूलंट कमी होत नाही, ऑइलच्या झाकणाखाली साय धरलेली नाही. म्हणजे इंजिन अजून कामाला आलेलं नाही. पण हे कालपासून पुरं इंजिन उतरवायच्या गोष्टी करतायत आणि छताला टांगायची साखळी बघतायत.

तेव्हा येत्या रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करा. आमचे सकाळचे साडेनऊ असतील, गाडी थंड असेल. मी चालू करते, तुम्ही ऐका आणि "सील" एवढं एकच ह्यांना सांगा. मी सांगितलेलं महिनाभरानं पटतं, तोवर इंजिन जमिनीवर आलेलं असेल. आणि आईच्या हातात फोन त्यानंतर द्या.

तुमची,
धाकटी