साठ आणि आठ

नांदूरघाटच्या बाजारात आप्पांनी अर्धा किलो गवार घेतली, दहाची नोट पुढे केली आणि दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभे राहिले. भाजीवाली म्हणाली, "साठ झाले, बाबा." आप्पा म्हणाले, "व्हय, आठ. दे की दोन." तिसऱ्या वेळी ती ओरडली. आप्पांना तिसऱ्या वेळीही आठच ऐकू आलं, फक्त मोठ्यानं. कानात मशीन होतं. चालू होतं.

माझी तक्रार त्या मशीनबद्दल आहे. फोनवर बघून घरपोच मागवलेलं, 1,800 रुपयांचं. डबीवर हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, पण ते कोणत्या कानासाठी आहे याचा एक शब्द नाही.

वयानं कान जातो तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही. आधी बारीक आवाज जातात: स, श, फ, त. आ, ओ असे जाड स्वर बरेच दिवस टिकतात. 'साठ'मधला स गळला की उरतो आठ. आप्पा दोन वर्षं हेच सांगत होते, "ऐकू येतंय रे, पर समजंना," आणि आम्ही घरातले त्यांच्यावर चिडत होतो. याची मला आजही लाज वाटते. या स्वस्त डबीनं सगळंच सारखं मोठं केलं. कुकरची शिट्टी, पत्र्यावरचा पाऊस, रस्त्यावरचं ट्रॅक्टर, सगळं कानावर आदळायचं. स मात्र जागेवर आला नाही.

त्यात मशीनचीही शिट्टी. कानातलं रबरी बोंडूक सैल असलं की आवाज बाहेर गळतो, पुन्हा माइकात शिरतो आणि मशीन किंचाळतं. डबीत तीन मापांची बोंडकं आली, एकही नीट बसलं नाही. आप्पांची टोपी जरा खाली सरकली की शिट्टी, उशीला डोकं टेकलं की शिट्टी. ती त्यांना नीट ऐकू यायची नाही, आम्हाला यायची.

त्याआधीचं खिशातलं, वायरवालं मशीन दिसायला जुनाट होतं, पण मी त्याची बाजू घेईन. त्याला पेन्सिल सेल लागायचा, तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो. आवाजाचं चाक एवढं मोठं की जन्मभर औत धरलेल्या बोटांनाही फिरवता यायचं. बंडीच्या खिशात कापडाची खरखर फार व्हायची, एवढाच त्याचा दोष. कानामागच्या नव्या मशीनचं बटण ज्वारीच्या दाण्याएवढं आहे. ते म्हाताऱ्या माणसांसाठी बनवताना एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात देऊन बघितलं असतं, तरी पुरे होतं.

अमेरिकेत ऑक्टोबर 2022 पासून दुकानातून थेट मशीन घेता येतं. पण त्याला नियम आहे: वय 18 किंवा त्याहून जास्त, ऐकू कमी येणं सौम्य ते मध्यम आणि आवाजाची कमाल मर्यादा 117 डेसिबल. यातलं वय आणि ऐकू कमी येण्याची पातळी डबीवर छापावी लागते. आपल्याकडे आवाज वाढवणारी साधी डबी आणि कानाच्या मोजमापानुसार लावलेलं यंत्र एकाच नावानं, एकाच फोटोखाली विकलं जातं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजू माणसाला एकदाच 3,000 रुपये मिळतात. ते असल्या डबीत गेले की गेले.

शेवटी आप्पांना अंबाजोगाईला तज्ज्ञाकडे नेलं. आधी कानातला मळ काढला, मग तपासणी झाली. कागदावरची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांकडे, घसरत गेलेली. ही रेघ आधी बघितली असती तर दोन मशीनचे पैसे वाचले असते. एका कानाचे 16,000 पडले. कानाच्या साच्यावरून बोंडूक केलं, बारीक आवाज तेवढे उचलून दिले. हरिपाठाला टाळ अजून टोचतात, तेव्हा आप्पा मशीन काढून ठेवतात. पण नातीचं 'आजोबा, साखर' त्यांना पहिल्या हाकेला कळलं.

लोकांचं एक फार खटकतं. मशीन दिसलं की कानाशी तोंड आणून ओरडतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला. तेवढंच लागतं.

आणि सेल. तेरा नंबरचा, नारंगी चिकटपट्टीचा. पट्टी काढली की आत हवा जाते आणि सेल जागा होतो. मग मशीन वापरा न वापरा, तो उतरतच जातो. हे पाकिटावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. आप्पांनी तयारी म्हणून सहाच्या सहा पट्ट्या एकाच सकाळी सोलून ठेवल्या. महिन्याच्या आत सगळे सेल मेले. गावातल्या मेडिकलवाल्याला म्हटलं, दोन पाकिटं ठेवत जा. तो म्हणाला, "घेणार कोण?" मी त्याला आमच्या गल्लीतली चार नावं सांगितली. त्यातल्या तिघांची मशीनं सेलवाचून डब्यात पडून आहेत.

काल केजहून पाकीट आणलं. पट्ट्या आता मी काढतो, एका वेळी एकच.