उणे क्षेपणास्त्रे, अधिक मते

राष्ट्ररक्षणाविषयी मत बनवावयाचे तर नकाशे, अंदाजपत्रके आणि हेरखात्याचे अहवाल चाळावे लागतात, असा जो भाबडा समज नागरिकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी आपल्या मनात रुजविलेला असतो, तो ज्यांना समूळ उपटून टाकावयाचा असेल, त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा इतिहास, आणि त्यातही १९६० सालचा, अवश्य अभ्यासावा. शत्रूपाशी शस्त्रे किती, या प्रश्नाचे उत्तर शत्रूच्या शस्त्रागारात नसून, आपला पक्ष गादीवर आहे की गादीखाली, यात असते, हे तेथे लख्ख दिसते. सत्ताधारी पक्षाच्या मतदाराला शत्रू आटोक्यात दिसतो, विरोधी पक्षाच्या मतदाराला तोच उंबरठ्याशी येऊन ठेपलेला दिसतो, आणि दोघांचीही नजर अधू नसते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुत्निक उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. आमच्या कारखान्यांतून क्षेपणास्त्रे सॉसेजसारखी बाहेर पडत आहेत, अशी बढाई रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी मारली, आणि तिच्यावर मॉस्कोत कोणी कितपत विश्वास ठेवला कोण जाणे, पण वॉशिंग्टनमधील डेमोक्रॅटिक पक्षाने मात्र ती वेदवाक्य मानली. मॅसॅच्युसेट्सचे तरुण सिनेटर जॉन केनेडी गावोगाव सांगू लागले की, क्षेपणास्त्रांच्या बाबतीत देशाच्या खात्यावर मोठी तूट पडली आहे. ज्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या सेना उतरविल्या, त्यांना संरक्षणातले काही कळत नाही, असे ज्यांना परवापर्यंत नॉर्मंडी कोठे आहे हेही ठाऊक नव्हते, ते गृहस्थ छातीठोकपणे सांगू लागले.

गंमत अशी की, आयझेनहॉवर यांच्या दफ्तरात या तुटीचे खंडन तयार होते. १९५६ पासून यू-२ नावाची विमाने रशियावरून फार उंचावरून उडत होती आणि त्यांनी आणलेल्या छायाचित्रांत बढाईतली क्षेपणास्त्रे काही केल्या सापडत नव्हती. परंतु ही छायाचित्रे दाखवावी तर हेरगिरीची कबुली द्यावी लागणार, म्हणून वृद्ध सेनापती मुकाट्याने शिव्या खात राहिले. १ मे १९६० रोजी त्यांतील एक विमान स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले गेले. हवामानाचा अभ्यास करणारे विमान वाट चुकले, अशी कैफियत अमेरिकन सरकारने सादर केली, आणि ती सादर होऊन सही वाळते न वाळते तोच ख्रुश्चेव्ह यांनी जिवंत वैमानिक आणि चांदीच्या डॉलरात दडविलेली त्याची विषारी सुई जगापुढे मांडली. विमान असे चव्हाट्यावर आले, तरी छायाचित्रे दफ्तरबंदच राहिली आणि तूट भाषणांतून वाढतच गेली.

पण मुत्सद्देगिरीचा खरा कळस क्यूबाच्या प्रकरणात झाला. तेथील सत्ताधीश कॅस्ट्रोविरुद्ध लढणाऱ्या निर्वासितांना साहाय्य करा, अशी जाहीर मागणी केनेडी यांच्या बाजूने २० ऑक्टोबरला झाली. केनेडींचे प्रतिस्पर्धी, रिपब्लिकन उमेदवार आणि उपाध्यक्ष निक्सन यांची यावर मोठी पंचाईत झाली, कारण नेमक्या त्याच कामासाठी आयझेनहॉवर यांच्या मंजुरीने ग्वाटेमालात निर्वासितांना गुपचूप कवायत शिकविली जात होती आणि स्वतः निक्सन या मसलतीचे कट्टर पुरस्कर्ते होते. गुपित राखावयाचे तर मसलतीला विरोध करणे भाग, म्हणून दुसऱ्याच दिवशी दूरचित्रवाणीवरील चौथ्या वादविवादात साम्यवादाचा हा जन्मजात वैरी आंतरराष्ट्रीय करारांच्या पावित्र्यावर बोलू लागला आणि केनेडी यांची सूचना धोकादायक व बेजबाबदार असल्याचे त्याने सांगितले. (ही सारी हकीकत निक्सन यांनीच पुढे आपल्या पुस्तकात लिहिली आहे, आम्ही तिच्यात तिखटमीठ घातलेले नाही.) दोन्ही पक्षांच्या अनुयायांची यात जी धांदल उडाली असेल तिची कल्पनाच केलेली बरी: कॅस्ट्रोला चिरडा म्हणणाऱ्यांनी एका रात्रीत सनदशीर व्हावयाचे, आणि शांततावाद्यांनी तितक्याच तातडीने तलवार परजावयाची! पुढे एप्रिल १९६१ मध्ये ती बेजबाबदार मोहीम काढली केनेडी यांनी, आणि पिग्जच्या उपसागरात तिचा तीन दिवसांत बोजवारा उडाला.

केमॉय आणि मात्सु ही चीनच्या किनाऱ्यालगतची चिमुकली बेटे राखावीत की सोडावीत, यावर त्याच वादविवादांत स्वातंत्र्याचे भवितव्य टांगले गेले होते. मतदान आटोपले आणि त्या बेटांचे नावही कोणी घेतले नाही.

ही रीत पुढे चांगलीच रुळली. १९६४ साली दूरचित्रवाणीच्या जाहिरातीत फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या मुलीमागे अणुस्फोट दाखवून अध्यक्ष जॉन्सन यांच्या पक्षाने प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांची भीती घातली. १९८८ साली डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस यांनी शिरस्त्राण घालून रणगाड्यातून फेरी मारली, तेव्हा भ्याले कोणीच नाही, हसले मात्र सारे. २००४ साली तर दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याला रंगच दिलेले होते. डेमोक्रॅटांचे अधिवेशन जुलैच्या अखेरीस संपले आणि ऑगस्टच्या पहिल्याच तारखेला न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या आर्थिक संस्थांसाठी पिवळ्याचा नारिंगी झाला. ज्या माहितीवर तो झाला तिच्यातील बरीचशी काही वर्षांची शिळी असल्याचे पाठोपाठ उघड झाले. डेमोक्रॅट उमेदवार केरी यांच्या समर्थकांना त्यात कारस्थान दिसले, अध्यक्ष बुश यांच्या समर्थकांना दक्षता दिसली, आणि माहितीची तारीख पाहण्याची तसदी दोघांपैकी फारच थोड्यांनी घेतली.

पण १९६० च्या त्या तुटीचे पुढे काय झाले? सात कोटींच्या आसपास मते पडली आणि त्यांत केनेडी सव्वा लाखांहूनही कमी मताधिक्याने निवडून आले. ६ फेब्रुवारी १९६१ रोजी, म्हणजे अधिकारग्रहणानंतर तीन आठवड्यांच्या आत, त्यांचे नवे संरक्षणमंत्री मॅक्नमारा पत्रकारांशी खाजगीत बोलताना सरळपणाने म्हणून गेले की, तूट वगैरे काही नाही, असलीच तर ती रशियाची आहे. नवख्या माणसाला निवडणुकीचा हिशेब आणि खात्याचा हिशेब वेगळ्या वह्यांत लिहावयाचा असतो, हे कोणी सांगितले नव्हते. बातमी फुटली, आणि ज्यांना ऑक्टोबरमध्ये तुटीविषयी तिळमात्र शंका नव्हती, त्या केनेडी यांनी ८ तारखेच्या वार्ताहर-परिषदेत सांगितले की, तूट आहे की नाही याचा निर्णय देणे आजच घाईचे होईल, पाहणी चालू आहे. रिपब्लिकनांनीही आपले कर्तव्य चोख बजावले: नसलेली तूट नसल्याबद्दल त्यांनी सरकारला धारेवर धरले.

सप्टेंबरमध्ये हेरखात्याने रशियाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या प्रक्षेपकांचा अंदाज १० ते २५ असा खाली आणला. त्याच मॅक्नमारा यांच्या कारकिर्दीत अमेरिकेच्या मिनिटमन क्षेपणास्त्रांचा आकडा मुक्रर झाला, तो १,०००.